पेठांमधला पहाटेचा फोटो वॉक: पहिले दोन तास छान, पुढचं मला अजिबात पटलं नाही

फोटो वॉक म्हणजे सगळ्यांनी मिळून पायी हिंडत फोटो काढायला शिकायचं. वॉकवाल्यांचं नाव देत नाहीये. कुणाचा धंदा बसवायचा नाहीये मला, आणि असे वॉक पुण्यात आता बरेच निघालेत, माझ्या बाबतीत जे झालं ते कुठेही होऊ शकतं. पण पैसे भरायच्या आधी काय काय विचारून घ्यायचं हे मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं असं राहून राहून वाटतंय, म्हणून लिहितेय. मोठं झालंय, निवांत वाचा.

आधी जाहिरात, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. जानेवारीत नवीन फोन घेतला, कॅमेरा चांगला म्हणूनच घेतला, आणि फोटो कसे काढायचे असले दोन-चार व्हिडिओ बघितले तर लगेच इन्स्टावर थोड्या थोड्या वेळाने ह्या वॉकची जाहिरात यायला लागली. एका म्हाताऱ्या माणसाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पांढरी दाढी, अंगावर पोतं, आणि चेहरा इतका जवळून की कपाळावरची सुरकुती न् सुरकुती मोजता यावी. वर लिहिलेलं 'खरं पुणं बघायचंय?' आणि खाली 'फक्त ५ सीट शिल्लक'. मी तो फोटो थांबून बघितला, आवडला मला, असा फोटो आपल्याला जमला पाहिजे असंही वाटलं. तो माणूस कोण, कुठे झोपतो, आपण जाहिरातीत आहोत हे त्याला माहितीये का, ह्यातलं एकही तेव्हा डोक्यात आलं नाही. सीट बुक केली. १,४९९ रुपये, त्यात शेवटी मिसळ आणि चहा.

शनिवारी सकाळी सहाला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी जमायचं होतं. आम्ही चौदा जण होतो, निम्मे आयटीतले, दोन कॉलेजच्या मुली, एक रिटायर्ड काका ज्यांच्याकडे सगळ्यात भारी कॅमेरा होता. शिकवणारे सर तिशीतले, बोलायला एकदम मोकळे, कुणाला कमी लेखत नाहीत, माझ्यासारख्या फोनवालीलाही त्यांनी तेवढाच वेळ दिला. हे सगळं खरं आहे आणि ते लिहायलाच हवं. लाल महालाजवळ त्यांनी फक्त एक गोष्ट करायला सांगितली, पंधरा मिनिटं फोटोच काढायचा नाही, उजेड कुठून येतोय आणि कुठे पडतोय एवढंच बघायचं. मी चौदा वर्षं कोथरूडला राहते, पेठेत येणं म्हणजे लग्नाची खरेदी नाहीतर गणपती, पण कसबा गणपतीच्या मागच्या बोळात सकाळचं ऊन जुन्या वाड्याच्या लाकडी सज्जावरून हळूहळू खाली उतरताना मी पहिल्यांदा बघितलं. त्या पंधरा मिनिटांचेच पैसे वसूल झाले म्हणा ना.

मग तांबट आळी. एवढ्या सकाळी एकच कारखाना उघडा होता, आत एक आजोबा तांब्याच्या पातेल्यावर मठारकाम करत बसलेले, एका लयीत ठोके, प्रत्येक ठोक्याची खूण आधीच्या खुणेला बरोब्बर चिकटून. सर दारातच थांबले, चप्पल काढली, म्हणाले, "काका, आत येऊ का? फोटो काढले तर चालेल का?" आजोबांनी मान हलवली, मग आम्ही दोघं दोघं करून आत गेलो, सरांनी फ्लॅश मारू नका म्हणून सगळ्यांना बजावलं, आणि निघताना आजोबांना फोटो पाठवायला त्यांच्या मुलाचा व्हॉट्सॅप नंबरही घेतला. इतकं छान वाटलं ते बघून. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फडके हौदावरून रविवार पेठेत, बोहरी आळीतनं तुळशीबागेकडे, दुकानं बंद म्हणून शटरवरच्या चित्रांचे फोटो. इथपर्यंत मी खूश होते.

मंडईच्या आसपास एक मोठा होर्डिंग आहे. नेमका कुठला ते सांगत नाही, का ते पुढे कळेल. त्यावर एका बिल्डरची जाहिरात, स्विमिंग पूल, पूलच्या कडेला हसणारं चौकोनी कुटुंब. त्या होर्डिंगच्या लोखंडी खांबांच्या मधल्या जागेत तीन-चार माणसं झोपलेली होती. सर थांबले, आम्हाला सगळ्यांना हळू आवाजात गोळा केलं आणि म्हणाले, हा आपल्या वॉकचा हीरो स्पॉट, वर स्वप्नातलं घर, खाली घर नसलेला माणूस, जक्स्टापोझिशन, खाली बसून लो अँगलने घ्या म्हणजे दोन्ही एका फ्रेममध्ये येतं. कॉलेजच्या मुलींपैकी एकीने विचारलं, "सर, विचारायचं नाही का त्यांना?" त्यावर सर म्हणाले, परमिशन मागितली की मोमेंट जातो, स्ट्रीट म्हणजे कँडिडच, समोरच्याला न कळता काढलेला.

थोड्याच वेळापूर्वी ह्याच माणसाने चप्पल काढून विचारलं होतं. तांबट आजोबांना दार होतं, दाराबाहेर थांबता येत होतं, आत येऊ का म्हणायला उंबरा होता. इथे दारच नाही, तर विचारायचं कुठे थांबून असा प्रश्न त्या एका मुलीशिवाय आम्हा चौदा जणांपैकी कुणालाच पडला नाही. हा विचार मला त्या क्षणी आला असता तर बरं झालं असतं, पण तो आला रात्री, घरी, पांघरूण अंगावर घेताना. तिथे मी पण बाकीच्यांसारखी गुडघ्यावर बसले आणि एका झोपलेल्या मावशींचे सहा फोटो काढले. चेहरा उघडा होता, तोंड थोडंसं उघडं, डोक्याखाली हात. सहाव्या फोटोला काकांच्या कॅमेऱ्याचं शटर जोरात वाजलं आणि त्या जाग्या झाल्या. ओरडल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. पदर चेहऱ्यावरून ओढला आणि कूस बदलली. आणि आम्ही मिसळ खायला गेलो. मिसळ चांगली होती, मी खाल्लीही.

संध्याकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर सरांनी एडिटिंगचं सेशन घेतलं, ते पॅकेजमध्येच होतं. त्यांनी त्यांचा 'स्ट्रीट प्रीसेट' दिला, एका टॅपमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो, काँट्रास्ट वाढतो आणि क्लॅरिटीचा स्लायडर एकदम वर जातो. क्लॅरिटी वाढवली की मधल्या उजेडातला फरक वाढतो, म्हणजे सुरकुती खोल दिसते, त्वचेवरची धूळ काळी दिसते, डोळ्याखालचा खड्डा अजून खड्डा होतो. मी मावशींच्या फोटोला तो लावून बघितला, तर त्या पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या. माझा हाच फोन सेल्फी काढताना मला न विचारता माझी त्वचा गुळगुळीत करतो, तो ब्युटी मोड बंद करायला सेटिंगमध्ये शोधत जावं लागतं. तोच फोन, आणि माझ्या चेहऱ्यावरून जे पुसायचं तेच त्यांच्या चेहऱ्यावर कोरायचं. मला त्या रात्री झोप लागली नाही नीट. फोटो मी ग्रुपवर टाकला होता मात्र, एडिट करून, आणि सरांनी त्यावर तीन आगीचे इमोजी टाकले होते.

नऊ दिवसांनी इन्स्टा उघडलं तर पुढच्या बॅचची जाहिरात, आणि त्यात माझा फोटो. म्हणजे मावशींचा फोटो. 'खरं पुणं बघायचंय?' तेच, 'फक्त ५ सीट शिल्लक' तेच, आणि लोकेशन टॅग केलेलं, चौकाच्या नावासकट. खाली कमेंटमध्ये एकाने लिहिलेलं, सकाळचे आठ वाजले तरी झोपा काढतायत, ह्यांना काम करायला काय होतं. त्याला बावीस लाइक.

मी सरांना मेसेज केला, फोन केला. त्यांचं म्हणणं असं की रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये लिहिलंय, सहभागी लोकांनी काढलेले फोटो प्रमोशनसाठी वापरले जातील, आणि तुम्ही टिक केलंय. खरं आहे, केलं होतं टिक, वाचलं नव्हतं. पण मग मी जरा खोलात गेले, तर आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, म्हणजे फार तर माझा हक्क मी दिला असेल, मावशींच्या वतीने मी काहीच देऊ शकत नाही. सार्वजनिक रस्त्यावर कुणाचा फोटोच काढू नये असा सरसकट कायदा नाहीये हेही खरं, पण जाहिरातीत एखाद्याचा ओळखू येणारा चेहरा वापरायचा तर ह्या धंद्यात त्याची लेखी संमती घेतात, मॉडेल रिलीज म्हणतात त्याला. ती नसेल तर फोटो विकणाऱ्या मोठ्या साइट्स तो फोटो जाहिरातीसाठी देतच नाहीत, फक्त बातमी-लेखासाठी वापरा असं लिहितात. ही गोष्ट फोटोग्राफी शिकवणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं होत नाही. सात फोन-मेसेजनंतर पोस्ट काढली, म्हणाले तुम्ही फार इमोशनल होताय. तोवर तिचे स्क्रीनशॉट किती जणांकडे गेले असतील ते देव जाणे.

माझी एक मैत्रीण मुंबईत जाहिरात कंपनीत आहे, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली ह्यात नवीन काही नाही गं, आणि तिने मला २०१२ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ऑस्टिनला एक मोठा टेक महोत्सव भरतो, तिथे एका जाहिरात कंपनीने १३ बेघर माणसांना वायफायचं यंत्र देऊन रस्त्यावर उभं केलं, टी-शर्टवर छापलेलं की मी हॉटस्पॉट आहे. आहे, म्हणजे माझ्याकडे आहे असं नाही, मीच आहे. त्यांना पैसे दिले होते, त्यातल्या काही जणांना ते काम आवडलंही होतं असं ती म्हणाली, आणि तरी जगभर आरडाओरडा झाला. आणि २०१८ मध्ये एका इटालियन फोटोग्राफरचे फोटो वर्ल्ड प्रेस फोटो म्हणजे बातम्यांच्या फोटोंची स्पर्धा घेणारी संस्था, तिच्या इन्स्टावर आले होते, ते तर आपल्याच देशातले, यूपी-एमपीतल्या गरीब माणसांपुढे टेबलावर खोटं जेवण मांडलेलं, आणि त्यांना डोळे झाकून आवडीच्या जेवणाचं स्वप्न बघा असं सांगितलेलं. ते फोटो मी नंतर शोधून बघितले. एका लहान मुलाने दोन्ही तळहात डोळ्यांवर इतके घट्ट धरलेत, मला पुढचा फोटो बघवला नाही. पण त्या सगळ्यापेक्षा मला काय लागलं माहितीये, ऑस्टिनवाल्यांनी निदान त्या तेरा जणांशी आधी बोलणं तरी केलं होतं. आम्ही तेवढंही केलं नाही.

मग मी पुढच्या शनिवारी एकटीच गेले मंडईला. फोटो काढायला नाही, सांगायला गेले की असं असं झालंय. मावशी जाग्या होत्या, मटार सोलत बसल्या होत्या, टोपलीभर. मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते आणि समोर उभी राहिल्यावर सगळं विसरले, नुसतं म्हटलं, मावशी, त्या दिवशी तुम्ही झोपलेल्या असताना फोटो काढणाऱ्यांमध्ये मी होते. त्यांनी वर बघितलं, म्हणाल्या, "बसा ताई. मटार सोलता येतो न्हवं?"

दीड तास बसले. त्या लातूरकडच्या, नवरा वारला, पुण्यात सहा वर्षं झाली. रात्री मंडईतले दोन गाळे झाडून घेतात, पहाटे माल आला की भाजी निवडायला बसतात, मेथी, पालक, कोथिंबीर, आणि सातच्या सुमाराला येऊन पाठ टेकतात. रात्री झोपतच नाहीत फारशा. "एकल्या बाईनं रातच्याला डोळा लावायचा नसतो ताई, उजाडलं की मग झोपायचं, माणसं हिंडत असत्यात, भ्या नसतं." म्हणजे ज्या बाईला आठ वाजता झोपलेली बघून बावीस जणांनी आळशी ठरवलं, ती बाई तेव्हा रात्रपाळी करून आलेली होती. आणि ज्या उजेडावर ती भरवसा ठेवून झोपते, त्याच उजेडाला आमचे सर 'गोल्डन अवर', फोटोसाठीची सोनेरी वेळ, म्हणत होते.

निवारा केंद्राचं विचारलं मी. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय की पाच लाखांपेक्षा मोठ्या शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा पाहिजे, चोवीस तास उघडा. पुणे महापालिकेची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३१ लाखांच्या वर, म्हणजे त्या हिशोबाने तेव्हाच ३१ पाहिजेत. मावशी एकदा जाऊन आल्यात, पावसाळ्यात, महिनाभर. वाईट नव्हतं म्हणाल्या, पंखा होता, जेवण मिळायचं. पण तिथून पहाटे चारला मंडईत यायचं कसं, आणि काम सोडलं तर निवाऱ्यातून बाहेर पडायचं कधी? शिवाय पत्र्याची पेटी ठेवून घेईनात. त्या पेटीत रेशनकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, दोन चांगल्या साड्या. पेटी आता एका गाळेवाल्या मामांकडे असते.

डोक्यावर त्यांनी एक फ्लेक्स बांधलाय, कुठल्यातरी वाढदिवसाचा, छापील बाजू आत. मी तो बघत होते तर म्हणाल्या, छापलेली बाजू वर ठेवली तर येणारा-जाणारा वाचत थांबतो, म्हणून आत. घडी पडली की फ्लेक्स तिथेच चिरतो, म्हणून गुंडाळून ठेवायचा, आणि कडेला रिंगा ठोकलेल्या असतील तरच घ्यायचा, नाहीतर सुतळीने फाटतो. इलेक्शननंतर चांगले मिळतात, जाड. त्या हे आपण बाजारात कापड बघतो तशा सांगत होत्या.

आणि मग मी फोटोचं, जाहिरातीचं, लोकेशनचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. त्यांचा भाऊ गावाला असतो, त्याला आणि सगळ्या गावाला त्यांनी सांगितलंय की पुण्यात हॉटेलात कामाला आहे आणि खोली घेऊन राहते. दिवाळीला जातात तेव्हा चांगली साडी नेसून, भाच्यांना फरसाण घेऊन. भाच्याकडे मोबाइल आहे, "दिसभर त्यातच असतंय ते." त्या रागावल्या नाहीत माझ्यावर, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. एवढंच विचारलं, "तोंड दिसतंय का त्यात?" मी हो म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, काढून टाकलाय ना आता, मग जाऊ दे.

म्हणून मी त्या होर्डिंगची जागा लिहीत नाही. इन्स्टा फोटोच्या फाइलमधलं लोकेशन आपोआप दाखवत नाही, पण आपण हाताने चौकाचं नाव टाकलं की झालंच, आणि एकट्या बाईची झोपायची जागा चौकासकट हजारो अनोळखी लोकांना सांगणं म्हणजे काय ते मी मावशींशी बोलेपर्यंत नीट समजून घेतलं नव्हतं. आपल्या सोसायटीच्या वॉचमनला आपण फ्लॅट नंबर कुणाला सांगू नको म्हणून ओरडतो.

होर्डिंगची मला वेगळीच भीती वाटते, ती पण लिहिते. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजारापाशी चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडला होता, चार माणसं गेली. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला वादळी पावसात लोक होर्डिंगखाली आडोशाला थांबले आणि तोच पडला, पाच गेले. मावशींना मी विचारलं, वारा सुटला की कुठे जाता? म्हणाल्या, मंडईच्या दगडी भिंतीला. महापालिकेत ह्या सगळ्या होर्डिंगांची परवानगी देणारं खातं आहे, त्याचं नाव आकाशचिन्ह विभाग. किती सुंदर शब्द आहे. त्या आकाशचिन्हाच्या खाली, जमिनीवर, जो माणूस राहतो त्याची कुठल्या खात्यात नोंद असते? जनगणना होते तेव्हा, एका रात्री. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री रस्त्यावर, पुलाखाली, प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या लोकांची देशभर मोजणी झाली, ते १७ लाख ७० हजारांच्या वर भरले. मावशी तेव्हा गावाला होत्या, त्यांच्या घरात.

आणि डिसेंबर २०२४ चं वाघोलीचं कुणी विसरलं नसेल. केसनंद फाट्याला फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मध्यरात्री डंपर गेला, तीन जण गेले, त्यात दोन लेकरं. पोटासाठी अमरावतीहून आलेली माणसं होती ती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्रीचे फोटो सकाळी चहाच्या आधी फिरत होते, झाकलेले नव्हते. कुणीतरी 'डिलीट करा' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नव्हतं.

आता दुसरा रिव्ह्यू, छोटा, आणि मनापासून पाचपैकी पाच. सदाशिव पेठेत एक फोटो प्रिंट करून देणारं जुनं दुकान आहे, दोघं नवरा-बायको चालवतात. मावशींना मी म्हटलं होतं, तुम्हाला हवा असेल तर तुमचा फोटो काढून देते, तुम्ही म्हणाल तसा. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, पुढच्या शनिवारी या म्हणाल्या. गेले तर पेटीतली जांभळी साडी नेसलेल्या, केस तेल लावून विंचरलेले, कपाळावर टिकली. आणि जागा त्यांनी आधीच बघून ठेवली होती, मंडईची जुनी दगडी इमारत, वरचा तो मनोरा दिसला पाहिजे, सामानसुमान, कचऱ्याच्या गाड्या, काही दिसता कामा नये. मला दोनदा मागे सरकवलं. हात कुठे ठेवायचे ते त्यांचं त्यांनी ठरवलं, एक हात कंबरेवर, दुसऱ्यात पर्स, ती पर्स शेजारच्या फुलवालीची. हसल्या नाहीत, फोटोत हसायचं नसतं म्हणाल्या. पहिल्या फोटोत डोळे मिटले गेले होते, तो त्यांनी स्क्रीनवर बघून काढून टाकायला लावला. चौथा पसंत पडला. मला वॉकमध्ये शिकवलेलं सगळं तिथे उपयोगी पडलं, उजेड डाव्या बाजूने घेतला, चेहऱ्यावर मऊ पडला, आणि एडिटिंगमध्ये काहीही केलं नाही.

दुकानातल्या काकूंनी फोटो मोठा करून बघितला आणि आपणहून विचारलं, लॅमिनेट करायचाय का, कुठे ठेवणार आहेत? मी सांगितलं, तर म्हणाल्या मग लॅमिनेशन पाहिजेच, पावसात टिकेल, आणि कडेने अर्धा इंच जास्त सोडते म्हणजे पाणी आत जाणार नाही. मोठे तीन प्रिंट, लॅमिनेशनसकट दीडशे रुपये. रंग अगदी साडीसारखाच जांभळा आलाय, हे सगळ्यांना जमत नाही. एक भावाला पाठवायला, एक पेटीत, एक मावशींनी गाळेवाल्या मामांना दिला, तो त्यांनी गणपतीच्या फोटोखाली खोचलाय.

तर वॉकला किती स्टार. शिकवणं, सकाळ, तांबट आळी, ह्याला मी चार देईन. शेवटचा अर्धा तास आणि नंतरची जाहिरात धरून एक. एकंदर दोन लावते. कुणाला जायचंच असेल तर बुक करायच्या आधी त्यांना फोन करून विचारा की रस्त्यावर झोपलेल्या माणसांचे फोटो काढायला सांगता का, जाहिरातीतल्या चेहऱ्यांची लेखी संमती आहे का, आणि फॉर्ममधला तो प्रमोशनचा मुद्दा खोडून सही केली तर चालेल का. मी ह्याच वॉकवाल्यांना नंतर हे तिन्ही प्रश्न लेखी पाठवलेत. त्या कॉलेजच्या मुलीनेही पाठवलेत, तिला मी शोधून काढलं, ती आता शनिवारी माझ्याबरोबर मंडईला येते. तिथल्या कुणी सांगितलं तर त्यांचे फोटो काढायचे, प्रिंट करून त्यांनाच द्यायचे, आमच्याकडचे डिलीट करायचे आणि ते डिलीट होताना त्यांनी बघायचं, असं ठरलंय. आत्तापर्यंत चार जणांचे झाले. हमाली करणारे एक मामा आहेत त्यांना सायकलसकट पाहिजे होता.

मावशींना आता पासपोर्ट साइजचे आठ हवेत, कुठलातरी फॉर्म भरायचाय विधवा पेन्शनचा, मागच्या वेळी फोटो नव्हते म्हणून परत पाठवलं होतं. पाठीमागे पांढरं पाहिजे असतं, तर कॉलेजवाली मुलगी घरून बेडशीट आणणार आहे आणि आम्ही दोघी दोन टोकं धरणार आहोत. काकूंच्या दुकानात आठचे साठ रुपये पडतील, फोटो दिला की दहा मिनिटांत मिळतात.